माईक हाती येईपर्यंत

गावाकडं माणसाचं व्यंग हेच त्याचं नाव होऊन बसतं. पाय अधू असला की लंगड्या, ऐकू कमी आलं की बहिऱ्या, जीभ अडखळली की तोतऱ्या. आईबापांनी हौसेनं ठेवलेलं नाव शाळेच्या दाखल्यावर आणि मतदार यादीत तेवढं उरतं. हाक मारणाऱ्याच्या मनात बहुतेकदा दुष्टावा नसतो. पारावरचे चारजण हसतात आणि ज्याला हाक मारली तोही हसतो. त्याला हसावंच लागतं. नाही हसला तर 'लई लागतंय का रे तुला' म्हणून आणखी चिडवतात. अपंग माणसाचा विनोदाशी पहिला संबंध येतो तो असा, दुसऱ्याच्या विनोदाचा विषय म्हणून. तोच माणूस पुढं माईक हातात घेऊन दोनशे लोकांना हसवायला उभा राहतो, तेव्हा मधल्या काळात त्यानं किती मोठं अंतर कापलेलं असतं याचा अंदाज धडधाकट प्रेक्षकाला सहसा येत नाही.

हे अंतर मोजायला मी बीड जिल्ह्यातलं धर्मापुरी डोळ्यांपुढं ठेवलं आहे. परळी-अंबाजोगाईच्या टापूतलं हे गाव. इतिहासाची आवड असणाऱ्यांना ते चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिरामुळं आणि गावातल्या किल्ल्यामुळं ठाऊक असतं. मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवर सुरसुंदरींची शिल्पं आहेत, आणि ती पाहायला अभ्यासक लांबून येतात. पण माझा प्रश्न आजच्या माणसाचा आहे. या पट्ट्यातल्या एखाद्या पोराला किंवा पोरीला, जिचा पाय चालत नाही किंवा जिला दिसत नाही, विनोद करून पोट भरता येईल का? मुंबईत एका बाईनं विनोदाचा मंच तरी मिळवून दाखवला आहे. तिचं नाव निधी गोयल.

निधी गोयल मुंबईची. लहानपणी तिला चित्रकार व्हायचं होतं, माणसांचे चेहरे काढायचे होते. पंधराव्या वर्षाच्या सुमारास तिला रेटिनायटिस पिगमेंटोसा असल्याचं निदान झालं. या विकारात डोळ्याच्या पडद्यावरच्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात. आधी अंधारात दिसेनासं होतं, मग नजरेचा घेर कडेकडेनं आवळत जातो. चेहरे काढायची स्वप्नं पाहणाऱ्या मुलीला चेहरेच दिसेनासे झाले. तिच्या भावालाही हाच विकार. पुढं तिनं अपंग स्त्रियांच्या हक्कांचं काम हाती घेतलं. मुंबईतल्या पॉइंट ऑफ व्ह्यू या संस्थेत असताना तिनं अपंगत्व आणि लैंगिकता या विषयावर काम केलं. आपल्याकडं धडधाकट बाईच्या बाबतीतही ज्यावर दबक्या आवाजात बोलतात, तो हा विषय. २०१५ च्या अखेरीस ती स्टँड-अपच्या मंचावर उभी राहिली, आणि भारतातली पहिली अपंग स्त्री स्टँड-अप कलाकार म्हणून ओळखली जाऊ लागली. २०१७ मध्ये तिनं रायझिंग फ्लेम ही स्वतःची संस्था काढली. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, अपंग स्त्रियांचे काय हाल झाले याचा अहवाल या संस्थेनं साइटसेव्हर्सबरोबर काढला. अशी ही बाई. सकाळी हक्कांचं काम आणि संध्याकाळी विनोद असे दोन कप्पे तिच्या आयुष्यात नाहीत. परिषदेत जे ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं जातं ते ती मंचावरून सांगते, आणि तिथं लोक ऐकतात.

ती बोलते कशावर? प्रेमावर, लग्नावर, शरीरावर, आणि डोळस माणसं आंधळ्या बाईला पाहून काय काय बरळतात त्यावर. अपंग मुलीच्या लग्नाचा विषय निघाला की आपल्या घराघरांत कसा सुस्कारा निघतो ते आठवून पाहा. 'हिचं कोण करणार?' या प्रश्नात तिला स्वतःला कुणी आवडू शकतं, ती कुणाला नकार देऊ शकते, ही शक्यताच धरलेली नसते. निधी गोयल ती शक्यता धरून सुरुवात करते. मला ही फार मोठी गोष्ट वाटते. अपंगांवर दया करणारे पुष्कळ भेटतात. अपंग बाईला इच्छा असते, राग येतो, तिलाही टिंगल करता येते, हे मान्य करणारे फार थोडे.

आता त्या मंचावर नेमकं काय घडतं ते जरा जवळून पाहू. स्टँड-अपच्या धंद्यात नवख्याला ओपन माईकवर चार-पाच मिनिटं मिळतात. तेवढ्यात प्रेक्षक आपला करून घ्यायचा. धडधाकट कलाकार आला की लोक पहिल्या वाक्यापासून हसायला तयार असतात. पांढरी काठी घेतलेली बाई आली, किंवा व्हीलचेअर आली, की सभागृह गप्प होतं. कुणी खोकत नाही, खुर्ची वाजवत नाही. लोक अदबीनं बसतात, आणि विनोदवीराला अदबीइतकं मारक दुसरं काही नसतं. प्रेक्षकाच्या मनात तेव्हा एकच धाकधूक असते: मी हसलो तर शेजारचा काय म्हणेल? म्हणून अशा कलाकाराचं पहिलं मिनिट हे विनोदाचं नसतंच, परवानगीचं असतं. आपल्या व्यंगाचा उल्लेख त्याला आधी स्वतःच करावा लागतो, आणि असा करावा लागतो की लोकांना कळावं, इथं रडगाणं होणार नाही आणि हसलं तर पाप लागणार नाही. तो पहिला हशा फुटला की खांदे सैल पडतात. इतरांना पाच मिनिटं मिळतात तिथं याच्या वाट्याला खऱ्या अर्थानं चारच येतात.

शिवाय दिसत नसेल तर आणखी एक गोष्ट हातची जाते. डोळस कलाकार समोरचे चेहरे वाचत असतो: पहिल्या रांगेतला माणूस मोबाइल काढतोय, मागचं जोडपं एकमेकांकडं पाहतंय. आंधळ्या कलाकाराला हे सगळं कानानं करावं लागतं. हशा कुठल्या कोपऱ्यातून उठला, किती वेळ टिकला, स्मित आलं असेल की नुसतीच शांतता आहे. आणि स्मिताला आवाज नसतो. बंगळुरूचा संदीप राव हाही असाच. लहानपणीच त्याची नजर बरीचशी गेली, आणि तो गेली अनेक वर्षं इंग्रजीत स्टँड-अप करतो. ब्रिटनमध्ये ली रिडली या सेरेब्रल पाल्सी असलेल्या कलाकारानं २०१८ मध्ये 'ब्रिटन्स गॉट टॅलेंट' ही स्पर्धा जिंकली. त्याला बोलता येत नाही. तो विनोद आधी लिहितो आणि मंचावर यंत्र ते बोलून दाखवतं. विनोदाचा जीव टायमिंगमध्ये असतो असं आपण म्हणतो. या माणसानं यंत्राच्या सपाट आवाजातून ते टायमिंग साधलं. अमेरिकेत जोश ब्लू यानं २००६ मध्येच 'लास्ट कॉमिक स्टँडिंग' जिंकलं होतं. त्यालाही सेरेब्रल पाल्सी आहे.

पण या साऱ्यांत मला सर्वांत जवळची वाटते ती ऑस्ट्रेलियाची स्टेला यंग. हाडं ठिसूळ असण्याचा जन्मजात विकार, व्हीलचेअर, पत्रकार आणि विनोदी कलाकार. लहानशा गावात वाढली. पंधरा वर्षांची असताना गावातल्या कुणीतरी तिच्या आईबापांना येऊन सांगितलं की हिचं नाव गावाच्या पुरस्कारासाठी द्यायचं आहे. आईबाप म्हणाले, कल्पना छान आहे, पण हिनं अजून तसं काही केलेलंच नाही. २०१४ मधल्या एका भाषणात तिनं हा किस्सा सांगितला आणि ठणकावलं की मी तुमच्या प्रेरणेसाठी जन्माला आलेले नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, ३२ व्या वर्षी ती गेली. आपल्याकडं ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन साजरा होतो तेव्हा मला हटकून ती आठवते. शाल, श्रीफळ, गुच्छ, 'जिद्दीला सलाम' लिहिलेला फलक. सत्कार झाल्यावर ज्याचा सत्कार झाला त्याला बोलायला दोन मिनिटं देतात, आणि ती दोन मिनिटं आभार मानण्यात जावीत अशीच सगळ्यांची अपेक्षा असते. ४ डिसेंबरला त्याची आठवण कुणाला नसते.

अपंगाला मंचावर आणणं आपल्या परंपरेला नवं नाही. पैठणच्या एकनाथ महाराजांच्या भारुडांत आंधळा आहे, बहिरा आहे, मुका आहे, पांगुळ आहे. भारूड म्हणजे रंजनातून उपदेश. त्यातलं प्रत्येक व्यंग हे अज्ञानी जिवाचं रूपक आहे, आणि रूपक म्हणून ते थोर आहे. पण ते सोंग घेणारा डोळस असतो, पायांनी धड असतो. कीर्तनाच्या मंडपात खराखुरा आंधळा बसलेला असतो, आणि त्याच्या आंधळेपणाचा अर्थ त्याला दुसरा कुणीतरी सांगत असतो. पुढं तमाशात, नाटकात, सिनेमात उपदेश गळून पडला आणि सोंग तेवढं राहिलं. तोतरं बोलून हशा घेणं हा तर विनोदी नटाचा हुकमी पत्ता झाला. हिंदीत २००६ मध्ये 'टॉम डिक अँड हॅरी' आला. त्यात एक आंधळा, एक बहिरा, एक मुका. 'गोलमाल'च्या मालिकेत तुषार कपूरचा लकी बोलू शकत नाही, आणि 'गोलमाल ३' मध्ये आपला श्रेयस तळपदे अडखळत बोलतो. थिएटरात लोक खो खो हसले. हसणाऱ्यांतल्या एखाद्याचं पोरगं घरी खरोखरच अडखळत बोलत असेल, तर दुसऱ्या दिवशी शाळेत त्याचं काय झालं असेल?

सर्वोच्च न्यायालयानं या प्रश्नाला हात घातला तो ८ जुलै २०२४ रोजी. 'आँख मिचोली' या सिनेमातल्या अपंगांच्या चित्रणाविरुद्ध अपंग हक्क कार्यकर्ते निपुण मल्होत्रा न्यायालयात गेले होते. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. जमशेद पारडीवाला यांच्या पीठानं निकाल देताना दोन प्रकारच्या विनोदांत फरक केला. एक विनोद अपंगाला खाली पाडतो, तर दुसरा अपंगत्वाकडं पाहण्याच्या रूढ नजरेलाच आव्हान देतो. पहिल्यापासून माणसाला जपायचं आणि दुसऱ्याला वाव द्यायचा, असा त्या निकालाचा रोख आहे. अपंगांविषयीचं काहीही अपंगांना वगळून नको, हे तत्त्वही पीठानं अधोरेखित केलं. आपल्या गावच्या गॅदरिंगपासून सिनेमापर्यंत प्रत्येक आयोजकानं वाचावा असा हा निकाल आहे.

वर्षभरानंतर मात्र वेगळंच प्रकरण उभं राहिलं. समय रैना आणि इतर काही विनोदी कलाकारांनी अपंगांवर, स्पायनल मस्क्युलर अॅट्रोफीसारख्या दुर्धर आजारावर केलेल्या शेरेबाजीविरुद्ध क्युअर एसएमए फाउंडेशननं याचिका केली. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयानं या कलाकारांना जाहीर माफी मागायला सांगितलं. नोव्हेंबरमध्ये पुढचा आदेश आला: आपल्या कार्यक्रमांत दिव्यांगांना बोलवा, त्यांच्या कर्तृत्वाची ओळख करून द्या आणि उपचारांसाठी निधी उभा करा. या आजाराच्या एका औषधाची किंमत कोट्यवधींत जाते, तेव्हा निधीची गरज खरीच आहे. तरीही मला एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. त्या कार्यक्रमांत दिव्यांग येणार ते पाहुणे म्हणून आणि मदतीला पात्र म्हणून. माईक पुन्हा त्याच हातांत राहणार. मला विचाराल तर शिक्षा आणि न्याय दोन्ही एकदम साधले असते: तुमच्या मंचावरची अर्धी संध्याकाळ अपंग विनोदवीरांना द्या, आणि तिकिटाचे पैसेही त्यांनाच द्या.

तसे विनोदवीर आहेत का, असं कुणी विचारील. आहेत. पुण्याची श्वेता मंत्री आहे. स्पायना बिफिडा हा मणक्याचा जन्मजात विकार घेऊन ती स्टँड-अप करते, लिहिते, आणि सार्वजनिक जागा सर्वांना वापरता याव्यात म्हणून भांडते. मराठीत पाहायचं तर 'चला हवा येऊ द्या'मुळं घरोघरी पोचलेला, यवतमाळ जिल्ह्यातला ठेंगणा नट अंकुर वाढवे आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, त्यांत ठेंगणेपणाही धरला गेला. अंकुर कवीही आहे, आणि हे मी मुद्दाम सांगतो आहे. ठेंगण्या नटाच्या वाट्याला विनोदी कार्यक्रमांत उंचीचा विनोद येतोच, आणि तो बहुतेकदा दुसऱ्यानं लिहिलेला असतो. कविता मात्र त्याची स्वतःची असते. रंगभूमीवर स्वागत थोरात यांनी दृष्टिहीन कलाकारांना घेऊन 'अपूर्व मेघदूत'सारखं नाटक उभं केलं. 'स्पर्शज्ञान' हे मराठीतलं पहिलं ब्रेल पाक्षिक २००८ मध्ये सुरू करणारे तेच. म्हणजे गुण आहेत, तयार करणारेही आहेत. कमी आहे ती मराठीतल्या एकट्या अपंग आवाजाची, त्याच्या स्वतःच्या गावच्या बोलीतल्या विनोदाची.

आणि एकट्यानं मंच भरून टाकायची परंपरा तर मराठवाड्याचीच. प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये ५२ पात्रं एकट्यानं उभी केली, आणि मराठवाड्याची बोली साऱ्या जगात नेली. नेपथ्य नाही, कपडेपट नाही, फक्त आवाज आणि माणसं ओळखणारी नजर. स्टँड-अपला याहून जास्त काय लागतं? अलीकडं भाडिपासारख्या यूट्यूबवरच्या मंडळींनी मराठी स्टँड-अपला पुण्या-मुंबईत तिकीट काढून येणारा प्रेक्षकही मिळवून दिला आहे. तरीही धर्मापुरीच्या बाजूचं अपंग पोरगं तिथं पोचत नाही. का, ते वाटेनं जाऊनच पाहावं लागेल.

पहिला मुक्काम अपंगत्वाचं प्रमाणपत्र. त्यासाठी अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि या भागातल्या माणसांना त्याचा केवढा आधार आहे ते वेगळं सांगायला नको. प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के अपंगत्व असल्याशिवाय बहुतेक सवलती मिळत नाहीत. मग एसटीत ७५ टक्के सवलत. मग संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान, जे दिव्यांगांसाठी २०२५ मध्ये महिन्याला १५०० वरून २५०० रुपये झालं. हे सगळं हाती आलं तरी पुण्यातले ओपन माईक रात्रीचे असतात, आणि परतीची एसटी सकाळी. राहायचं कुठं? चार मिनिटांसाठी येण्याजाण्याचा आणि राहण्याचा खर्च करायचा, तोही सोबत एक माणूस घेऊन. शहरातला नवखा कलाकार वर्षभरात पुष्कळ ओपन माईक करतो, पडतो, सुधारतो. पडण्याची ही चैन गावातल्या अपंग पोराला परवडत नाही.

त्यात हा ऊसतोडीचा जिल्हा. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, नवरा-बायकोची जोडी, जिला इथं 'कोयता' म्हणतात, मुकादमाच्या ट्रकमध्ये बसते, आणि फडात ज्याचा उपयोग नाही ते पोर म्हाताऱ्यांपाशी गावात राहतं.  २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांवर अपंग माणसं होती. देशभरातल्या अपंगांपैकी सुमारे ६९ टक्के तेव्हा खेड्यांत राहत होते. आपले ओपन माईक मात्र बहुतेक शहरांत.

या पोरांकडं विषयांचा तुटवडा नाही. समजा, पोलिओनं पाय गेलेला इथला एखादा गडी उभा राहिला आणि म्हणाला, 'एसटी मला तिकिटात पंचाहत्तर टक्के सूट देती, पन पायऱ्या शंभर टक्केच ठिवती.' किंवा, 'सरकारनं लिहून दिलंय, मी चाळीस टक्के अपंग हाय. ऱ्हायलेला साठ टक्के कुठं हाय, ते कामून कुणी इचारीत न्हाई?' हे मी रचलेले नमुने आहेत. ज्यानं त्या पायऱ्या खरोखर चढल्या आहेत तो याच्या दसपट चांगलं बोलेल. आणि तो बोलेल तेव्हा हसणाऱ्यांत कंडक्टरही असेल, क्लार्कही असेल. हसता हसता त्यांना पायरीची उंची कळेल.

ओपन माईक सोडले तर मंच लांब आहेत असंही नाही. गावोगाव गणपतीचे मांडव आहेत, शाळेचं गॅदरिंग आहे, अखंड हरिनाम सप्ताह आहे. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात मिमिक्री आणि नकलांच्या स्पर्धा होतात. अंबाजोगाईला दर नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह भरतो आणि तिथं जाणता श्रोता येतो. अडचण मंचाच्या पायऱ्यांची आहे. बहुतेक ठिकाणी मंचावर जायला तीन-चार उंच पायऱ्या असतात, कठडा नसतो, उतार नसतो. व्हीलचेअरवरच्या माणसाला चौघे उचलून वर ठेवतात, आणि तो पहिला शब्द बोलायच्या आधीच बिचारा होऊन बसतो. नंतर त्यानं कितीही चांगला विनोद केला तरी प्रेक्षक ते उचलणं विसरत नाहीत.

म्हणून मांडव घालणाऱ्यांना, गॅदरिंग बसवणाऱ्या गुरुजींना आणि समारोहांच्या संयोजकांना माझं मागणं आहे. यंदा मंच बांधताना एका बाजूला फळ्यांचा उतार करा. मांडववाल्याला तो तासाभरात करता येतो. नकलांच्या स्पर्धेत तोतऱ्याची नि लंगड्याची नक्कल आली तर गुण कापा, आणि का कापले ते पोरांना समोर बसवून सांगा. गावातल्या ज्या माणसाला तुम्ही त्याच्या व्यंगाच्या नावानं हाक मारता, त्याला विचारा, दहा मिनिटं बोलशील का. तो हो म्हणाला तर त्याची ओळख त्याच्या पाळण्यातल्या नावानं करून द्या, शाल देऊ नका, बाकीच्या कलाकारांना देता तेवढंच मानधन द्या, आणि त्याचा विनोद पडला तर पुढच्या वर्षी पुन्हा बोलवा.